एक दिवस आधी वाजणारी भांडी

भूत, करणी, चकवा... असल्या गप्पा मारणाऱ्याला मी आजवर चहासुद्धा पाजलेला नाही. त्यामुळे हे लिहिताना माझीच मला लाज वाटतेय. पण त्याहून जास्त किळस वाटते ती आमच्या घरमालकाची – तात्यांची.

गेल्या वर्षी आम्ही कोयनानगरला राहायला आलो. बाजाराच्या वर, चढावरचं दुमजली घर. वरचा मजला आमचा. तात्या राहायला मेढ्याला. त्यांनी घर विकायला काढलं. करारात स्पष्ट लिहिलेलं – गिऱ्हाईक घर बघायला आणायचं तर एक दिवस आधी कळवायचं. खाली तात्यांचीच सही! पण दुसरी चावीही त्यांच्याकडेच.

पहिल्यांदा दुपारी चारला तात्यांनी त्या चावीनं दार उघडलं आणि आठ-दहा माणसं... छे, अख्खी पलटणच आत घुसली. बायको बाळाला पाजत होती. तिनं पदर ओढेपर्यंत एक गिऱ्हाईक स्वयंपाकघरात नळाचं प्रेशर बघत होतं. कसं? तोंडातली तंबाखू आमच्या बेसिनमध्ये थुंकून, वर चूळ भरून! बाळाची दुधाची बाटली तिथंच... शी! महिनाभर बेसिन घासलं, तरी मला घास गिळवेना.

"तात्या, आधी कळवायचं ठरलंय."

"घर माजं हाय रं! माज्याच घरात यायला चिठ्ठी धाडू व्हय?"

बायकोनं त्याच संध्याकाळी सांगितलं, "परत असं झालं, तर बाळाला घिऊन मी जतला माहेरी जाणार. माघारी येणार न्हाई."

आणि मग ते सुरू झालं.

एका दुपारी चारला रॅकमधली भांडी थडथड वाजली. कोयनेत धक्के नेहमीचेच – बाळाला उचलून आम्ही अंगणात. शेजारच्या काकू निवांत शेंगा सोलत बसलेल्या. "आवं, कुटला भूकंप? कायबी हाललं न्हाई!"

दुसऱ्या दिवशी बरोबर चारला तात्या आणि गिऱ्हाईक. नशीब, बायको तेव्हा काकूंकडे होती.

आठवड्यानं पुन्हा तेच. आज भांडी, उद्या तात्या. या खेपेला बायको-बाळाला मी आधीच काकूंकडे धाडलं.

तिसऱ्यांदा भांडी वाजली, तसा मी फोनच लावला. "तात्या, उद्या चारला येताय ना? दाराला आतून कडी असणार."

पलीकडून बारीक आवाज – "तुला कुणी सांगितलं रं? आत्ताच मनात आलंय माज्या... गिऱ्हाइकाला अजून फोनबी केला न्हाई."

तेव्हापासून तात्या न चुकता एक दिवस आधी फोन करतात. भांडी गप्प. मी रॅक ओढून बघितला, स्क्रू बघितले, पाइप बघितले – काही म्हणजे काही सापडलं नाही. बायकोही माहेरी गेली नाही. फक्त खरा धक्का बसला, की बाळाला उचलता उचलता ती आधी विचारते –

"आवं, तात्या हायत का भूकंप?"