लोर्नाबाईंनी परत घेतलेला असिस्ट

आमच्या फोर्ट वेनच्या बास्केटबॉल हॉलमध्ये माइक माझ्या हातात असतो, पण त्यात काय बोलायचं ते लोर्ना हाफस्टेटर ठरवते. माझ्या शेजारच्या खुर्चीत बसून एकतीस वर्षं ती संघाचा प्रत्येक बास्केट, प्रत्येक पास लिहितेय. नोंदी ठेवणाऱ्या घरच्या टेबलाने घरच्या खेळाडूंना झुकतं माप द्यायचं, ही या धंद्यातली जुनी रीत. लोर्ना ती पाळत नाही. पास मिळाल्यावर समोरच्याने रेंगाळत दोनदा चेंडू आपटला, की पास देणाऱ्याचा असिस्ट, म्हणजे बास्केट घडवल्याचं श्रेय, गेलाच म्हणून समजा. "तुझी आई खेळत असती तरी दिला नसता," हे ती मला तोंडावर सांगते. रॉकफर्डच्या टेबलावरचा जीन प्रुइट तिला कवडीचुंबक म्हणतो. म्हणू दे. तिच्या कागदावर आजवर कुणी बोट ठेवलेलं नाही.

मार्चमध्ये घरचा शेवटचा सामना होता. एका हंगामातल्या असिस्टच्या विक्रमाशी, म्हणजे ५७१ शी, आमच्या कॉर्नेल बीम्सने बरोबरी केली होती. एकच हवा होता. चौथ्या क्वार्टरमध्ये झुंबड उडाली, त्यातून चेंडू कोपऱ्यात गेला आणि तिथून थेट बास्केट! असिस्ट दिल्याची खूण म्हणून लोर्नाने बोट वर केलं आणि मी असा काही ओरडलो की घसाच बसला. सामना थांबवून ५७२ रंगवलेला चेंडू कॉर्नेलच्या आईच्या, ओपलबाईंच्या, हातात दिला. बाई ढसाढसा रडल्या. खोटं कशाला सांगू, मीही रडलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी लोर्नाचा फोन. "वॉल्टर, ये इकडे. रेकॉर्डिंग बघ."

बघितलं. पास कॉर्नेलचा नव्हताच! त्याच्या हातून निसटलेला चेंडू आमच्याच अकरा नंबरवाल्याने उचलून पुढे दिला होता.

"एकतीस वर्षांत पहिल्यांदाच, मला हवं होतं ते मला दिसलं," ती म्हणाली.

"अगं, कुणाला कळलंय? गप्प बस की! उद्याचा शेवटचा सामना रॉकफर्डला. तो जीन पाहुण्यांना पाणीसुद्धा मोजून देतो, असिस्ट कसला देतोय!"

"मला कळलंय ना."

लीगला दुरुस्ती पाठवण्याआधी ती कॉर्नेलच्या घरी गेली. मलाही नेलं, बहुतेक शिव्या वाटून घ्यायला. ओपलबाईंच्या तव्यावरचा पॅनकेक करपला.

"माझ्या लेकाच्या नावावरचं काढून घेतेस? लाज नाही वाटत?"

"वाटते. म्हणून तर स्वतः आले."

कॉर्नेलने तवा गॅसवरून उतरवला. मग खाली बघत म्हणाला, "पास माझा नव्हता असं मला तेव्हाच वाटलं होतं, लोर्नाबाई. पण तुम्ही बोट वर केलंत. म्हटलं, माझंच काहीतरी चुकत असेल."

त्या एका वाक्याने लोर्नाचे डोळे भरून आले. एवढ्या वर्षांत मी तिला रडताना पाहिलं नव्हतं.

दुरुस्ती गेली, कॉर्नेल परत ५७१ वर आला. रॉकफर्डला आम्ही दोघं प्रेक्षकांत बसलो. शेजारीच ओपलबाई, तोंड फिरवून. तिसऱ्या क्वार्टरमध्ये कॉर्नेलचा पास मिळालेल्या गड्याने रमतगमत दोनदा चेंडू आपटला आणि मग बास्केटमध्ये टाकला. जीनने असिस्ट दिला नाही. मी बोंब मारली, "अरे, चोर आहेस तू!"

"बस खाली. बरोबर आहे त्याचं," लोर्नाने माझी बाही ओढली.

शेवटची चार मिनिटं राहिली असताना कॉर्नेलने दोघांच्या मधून चेंडू सरळ रिंगजवळ पोचवला आणि तिथल्या गड्याने हवेतच आत घातला. स्वच्छ! आमचा सगळा बाक उड्या मारू लागला. ओपलबाई मात्र जागच्या हलल्या नाहीत. त्या ना मैदानाकडे बघत होत्या ना जीनकडे. त्या लोर्नाकडे बघत होत्या.

लोर्नाने बोट वर केलं. तेव्हा कुठे बाई उठल्या आणि टाळ्या वाजवू लागल्या.