सागवानी शकुंतला आणि मी न सांगितलेला पूल

माझी चूक अशी की, पुलाच्या मधोमध उभा राहून मी खाली पाहिलं.

प्रल्हाद तायडे गेल्याचा फोन अकोल्याहून आला, तेव्हा मी अमरावतीत दाढी करत होतो. अर्ध्या गालावर साबण तसाच... आणि मी मनात दिवस मोजत होतो. पुलानंतर बारावा दिवस.

तायडे आयटीआयमध्ये सुतारकाम शिकवायचे. निवृत्तीनंतर त्यांनी आमच्या वऱ्हाडातली, अरुंद रुळांवरची, बंद पडलेली शकुंतला रेल्वे सागवानात उभी करायला घेतली. छोटं इंजिन, छोटे डबे, पण माप खरं. मी मदतनीस, म्हणजे टेपचं दुसरं टोक धरणारा, कधीमधी एखादं दार बसवून पाहणारा. फोटोवरून काही करायचं नाही, हा त्यांचा नेम. "फोटोले जाडी नसते, भाऊ," म्हणायचे. म्हणून डब्याच्या पायऱ्या मोजायला आम्ही मूर्तिजापूरच्या यार्डात बाभळींत शिरलो, आणि पूल मोजायला अचलपूरच्या वाटेला लागलो.

पूल पाहून ते म्हणाले, "काठावरूनच मोजू." मी फुशारकीनं पुढे निघालो. मध्यावर पायाखालचा, रुळांना आधार देणारा लाकडी स्लीपर भुशासारखा चुरला आणि फटीतून खालचे दगड दिसले. रूळ धरून बसलो. ना पुढे सरकलो, ना मागे.

"डोये मिटा! मी येऊन राहिलो," मागून तायडे. आले, झपझप. माझी कॉलर धरून, एकेक पाऊल मागे घेत त्यांनी मला काठावर आणलं. मग स्वतः मटकन बसले. हात छातीवर, ओठ काळेनिळे.

"दम लागला फक्त. घरी सांगू नका, नाही तर माहं बाहेर निघणं बंद होईन."

मी बरं म्हणालो. दवाखान्यात चला, असं म्हणालो नाही. उलट जीव वाचल्याच्या आनंदात दर्यापूरला दोन प्लेट आलुबोंडे हाणले. ते समोर बसून नुसतं पाणी पीत राहिले...

तायडे गेल्यावर महिनाभर त्यांच्या बायकोचा, वहिनींचा, फोन आला की मी तो वाजू द्यायचो. त्यांना कळलं असेल तर? आणि कळलं नसेल तर सांगणार कोण? भीती दोन्हीकडून होती.

गेल्या रविवारी अकोल्याला गेलो. त्यांच्या खोलीत फळीवर गाडी उभी होती, वहिनी मऊ फडक्यानं डब्यांवरची धूळ पुसत होत्या. मी उभ्याउभ्याच सगळं सांगून टाकलं. आलुबोंड्यांसकट. शेवटी म्हणालो, "वहिनी, मीच मारलं त्यांना."

फडकं थांबलं.

"दुखणं जुनं होतं त्याईचं. डॉक्टरनं मले सांगतलं होतं," त्या म्हणाल्या. मग माझ्याकडे नीट पाहिलं.

"या डब्याचं एक दार तुमच्यानं धड बसलं नाही, भाऊजी. तेही त्याईनं उखडून पुन्हा बसवलं. माणूस काय मारसान तुमी!"