गायीनं खाल्लेल्या बाह्या

दुष्काळाच्या साली मी वीस वर्षांची होते आणि आपल्याला सगळं येतं, अशी माझी पक्की समजूत होती. शिवणाचं मशीन घेऊन सासरी आलेली मी गावातली पहिली सून. त्यामुळं शाळेच्या गॅदरिंगमधल्या संगीत नाटकाचे कपडे माझ्याकडं आले. नाटकही एका शाळेवरचंच. दहा विद्यार्थिनी आणि एक हेडबाई, जी हजेरीसुद्धा गाऊन घेते.

अडचण होती माझ्या सासऱ्यांची. ते शाळा समितीचे अध्यक्ष. पोरींनी पडद्यामागून गावं, सोंगं पोरांनी घ्यावीत, असं त्यांचं म्हणणं. लई मिनतवाऱ्या झाल्यावर म्हणाले, कपडे अंगभर आणि नीटनेटके असतील तरच पोरी मंचावर.

मी मांजरपाटाचे सदरे शिवले, मनगटापर्यंत बाह्यांचे. हेडबाई मी जन्मात पाहिली नव्हती. तिला वकिलासारखा काळा कोट दिला. कपडे कडक दिसावेत म्हणून रेशनवरच्या मिलोच्या, म्हणजे परदेशी तांबड्या ज्वारीच्या, पिठाची खळ घातली आणि शाळेमागच्या कुंपणावर वाळत टाकले. कुंपणापलीकडं जनावरांची छावणी होती, हे मला ठाऊक होतं. त्या गायींनी महिनोन्महिने उसाच्या वाढ्यांशिवाय काही खाल्लेलं नाही, हेही ठाऊक होतं. दोन्ही गोष्टी एकदम डोक्यात याव्यात एवढी अक्कल मात्र नव्हती.

गॅदरिंगच्या दिवशी सकाळी जाऊन बघते तर एक तांबडी गाय हेडबाईचा कोट शांतपणे चघळतेय. सदऱ्यांच्या बाह्या कोपरापर्यंत गेलेल्या.

सासरे आले, बघितलं आणि म्हणाले, पोरी आता आत बसूनच गातील.

मी रडणारच होते. पण हेडबाई होणारी पोर माझ्याकडं बघत होती. सातवीनंतर तिची शाळा सुटणार होती. तिला पुन्हा मंच नव्हता. मी पदर सावरला, तेवढा मान ठेवला, आणि म्हटलं, "मामा, दुष्काळातल्या शाळंत फाटकेच कपडे असत्यात. तुमच्याच शाळंत जाऊन बघा."

ते काही बोलायच्या आत मी तिथून निघाले. शाळेच्या ऑफिसात खुंटीवर त्यांचा काळा कोट लटकत होता. बाह्या आत दुमडून टाके घातले आणि पोरीच्या अंगावर चढवला.

दुपारी पडदा वर गेला. अर्धवट बाह्यांच्या पोरी ताठ उभ्या राहून हजेरी गाऊ लागल्या. दुसऱ्या कडव्याला सासऱ्यांनी कोट ओळखला. पण पाहुण्यांशेजारी बसलेला अध्यक्ष उठून मंचावर कसा जाणार?

दुसऱ्या दिवशी त्यांना ढोकीला कारखान्याच्या मीटिंगला जायचं होतं. "सूनबाई, टाके उसव," म्हणाले.

"उसवते मामा. आधी सांगा, पुढच्या साली पोरी कुठं असतील?"

त्यांनी घड्याळ बघितलं. एसटीची वेळ झाली. शेवटी तसाच कोट घालून, मनगटं उघडी टाकून गेले.

दिवेलागणीला परतले. कोट माझ्यापुढं ठेवून म्हणाले, "मंचावर. आता उसव."

मी एकच बाही उसवली. दुसरी पुढचं गॅदरिंग झाल्यावर.