मैनाबाईंचे पाय

अकोल्याच्या डॉक्टरांनी मैनाबाईंच्या छातीवरची यंत्रे काढली, कागदावरच्या रेषा न्याहाळल्या आणि म्हटले, "सर, बाईंचं हृदय पंचेचाळिशीतल्या बाईसारखं आहे."

मैनाबाई तेव्हा एकाहत्तर वर्षांच्या होत्या. त्या दिवशी वार कोणता, हे त्यांना सांगता आले नव्हते. अमरावतीहून मुद्दाम आलेल्या दामिनीला, स्वतःच्या मुलीला, त्या सकाळपासून धाकटी बहीण समजत होत्या. तरीही त्यांचे पती महादेवराव बोंडे यांना ते वाक्य ऐकून क्षणभर अभिमान वाटला, आणि त्या क्षणाबद्दल त्यांनी स्वतःला पुढे कधीही क्षमा केली नाही.

महादेवराव चौतीस वर्षे शारीरिक शिक्षणाचे शिक्षक होते. पदवी अमरावतीची, नोकरी जिल्हा परिषदेच्या शाळांत. गणिताच्या मास्तरांना गाव 'सर' म्हणे, यांना 'ड्रिल मास्तर'. परीक्षा जवळ आली की त्यांचा तास इतरांना वाटून दिला जाई. आयुष्यभर ज्याच्या विषयाला कोणी विषय मानले नाही, असा हा माणूस निवृत्त झाला तेव्हा त्याच्यापाशी अंगभर विद्या होती आणि विद्यार्थी एकही नव्हता.

त्याच वर्षी मैनाबाईंचे गुडघे गेले. वय चोपन्न. जिना विसरा, मांडी घालून बसणे विसरा, असे तेव्हाच्या डॉक्टरांनी सांगितले. महादेवरावांनी ते ऐकून घेतले आणि दुसऱ्या दिवशी पहाटे बायकोसमोर कापडी बूट ठेवले.

"अजी, मले का पोलिसात भरती कराची हाय?" मैनाबाई म्हणाल्या.

"गल्लीच्या टोकापर्यंत. तितकंच."

शेजारच्या गोदाबाई दारात सडा टाकत होत्या. त्यांनी बादली खाली ठेवली. "मैनाबाई, मास्तरानं तुमाले बी शाळेत घातलं का वो?"

"घातलं न बाई. सरकारनं घरी बसोलं, आता शिकवाले कोनी उरलं नाई. माह्यावर भागवून राह्यले."

पहिला आठवडा गल्लीच्या टोकापर्यंत. दुसरा आठवडा पाण्याच्या टाकीपर्यंत. महादेवराव बायकोच्या बरोबरीने चालत नसत. अर्धे पाऊल मागे, रस्त्याच्या बाजूने चालत आणि तिच्या टाचेवर नजर ठेवत. आधी टाच, मग चवडा, हात कोपरातून, नजर वीस पावलांवर. चूक झाली की जिभेने 'टक्' असा आवाज करत, आणि मैनाबाई मागे न पाहता पाऊल दुरुस्त करत. घरी आल्यावर भिंतीला टेकून अर्ध्या बैठका, मग एका पायावर उभे राहून शंभर अंक. वर्षभरात गुडघ्यांची सूज उतरली. दहा वर्षांनी मैनाबाई रोज सात किलोमीटर चालत होत्या आणि महानगरपालिकेच्या बागेतल्या प्रभात मंडळातल्या साठीच्या बायका त्यांच्यामागे धापा टाकत होत्या.

ज्येष्ठ नागरिक दिनी या दांपत्याचा सत्कार झाला. प्रमुख पाहुणे पावणेदोन तास उशिरा आले. तोवर ऐंशी-ऐंशी वर्षांची माणसे प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर उन्हात पाण्याविना बसली होती. मग त्याच माणसांना वृद्धापकाळी आरोग्य कसे सांभाळावे यावर भाषण ऐकवण्यात आले. महादेवरावांना बोलायला तीन मिनिटे मिळाली. "शरीर कमावलं की मन आपोआप ताब्यात राहतं," असे त्यांनी छातीवर हात ठेवून सांगितले. त्यांचा त्यावर विश्वास होता. चौतीस वर्षे त्यांनी तेच शिकवले होते.

दोन वर्षांनी मैनाबाईंनी एका दिवशी वरणात तीनदा मीठ घातले.

महादेवरावांनी ते वरण मुकाट्याने खाल्ले आणि दुसऱ्या दिवसापासून चालणे एक किलोमीटरने वाढवले. गॅस तसाच सुरू राहिला, तेव्हा आणखी एक. बागेतून घरी येताना मैनाबाई चौकात थबकल्या आणि 'कोनीकडे?' असे त्यांनी विचारले, तेव्हा महादेवरावांनी रोजचे प्राणायामही वाढवले. मेंदूला रक्त कमी पडत असावे, असा त्यांचा हिशेब. शंभरापासून उलटे आकडे म्हणवून घेतले. पेपरातली शब्दकोडी पुढे ठेवली. चुकले की 'टक्' करत. मैनाबाई बावरून स्वतःच्या पायांकडे पाहत. त्यांना वाटे, पाऊल चुकले.

दीड वर्ष त्यांनी हे मुलीपासून लपवले. प्रभात मंडळापासूनही लपवले. ज्या घराचे उदाहरण दिले जात होते त्या घरात असे काही घडते, हे त्यांना कबूल करवेना.

दामिनीच्या लक्षात आले तेव्हा डॉक्टर झाले, तपासण्या झाल्या, आणि ते हृदयाबद्दलचे वाक्यही झाले. या शहरात गुडघे बदलून देणाऱ्यांच्या पाट्या चौकाचौकांत लागल्या आहेत. विसरत चाललेल्या माणसाजवळ दिवसाचे चार तास बसेल असे एकही ठिकाण दामिनीला सापडले नाही. नागपूरहून महिन्यातून दोनदा येणाऱ्या तज्ज्ञांनी सात मिनिटे दिली आणि लिहून दिले : औषध चालू ठेवा, चालणे चालू ठेवा.

चालणे चालूच होते.

एप्रिलमध्ये, महादेवराव आंघोळीला गेले असताना, मैनाबाईंनी कापडी बूट घातले आणि त्या निघाल्या. चार तासांनी फोन आला तो व्याळ्याहून, बाळापूरच्या रस्त्यावरून. तिथल्या चहाच्या हॉटेलवाल्याने, नितेशने, प्रभात मंडळाच्या ओळखपत्रावरचा नंबर लावला होता.

"काका, एक मावशी आमच्या हॉटेलात बसेल हाये. अकोल्याहून पायी आल्या म्हनते. मले पयले खोटं वाटलं, तिले घामबी नाई फुटला नीट. पोहे लवकर दे म्हनते, माय रागावते घरी."

माय पन्नास वर्षांपूर्वी वारली होती. माहेर बाळापूरला, किल्ल्याच्या खालच्या गल्लीत होते. घर केव्हाच विकले गेले होते आणि तिथे मोबाइलचे दुकान झाले होते. मे महिन्यात मैनाबाई त्या दुकानासमोर जाऊन उभ्या राहिल्या. सव्वीस किलोमीटर, पंचेचाळीस अंशांच्या उन्हात. महादेवराव रिक्षाने पोचले तेव्हा त्या दुकानाच्या पायरीवर बसल्या होत्या. त्यांनी सवयीने मनगट धरून नाडी मोजली. बहात्तर ठोके. हे पाय, हा दम, ही टाच टाकण्याची रीत त्यांनी स्वतः, सतरा वर्षे खपून, तयार केली होती.

त्यांनी फाटकाला कुलूप घातले. मैनाबाईंनी दोन दिवस फाटक हलवले. तिसऱ्या दिवशी फाटकाच्या जाळीत पाय रोवला आणि त्या भिंतीवरून पलीकडे उतरल्या. एका पायावर शंभर अंक उभे राहणारी बाई ती. या वेळी त्या महामार्गावर सापडल्या, दोन ट्रकांच्या मध्ये. एका चालकाने ब्रेक दाबला होता, म्हणूनच सापडल्या.

घरी सोडायला आलेला हवालदार संघपाल तायडे हा महादेवरावांचाच विद्यार्थी. त्याने टोपी काढून हातात धरली.

"सर, तुमी आमाले पळाले शिकवलं. आता बाई पळून राह्यल्या अन आमी मांगं." तो हसला नाही. "या वेळी भेटल्या, सर. दर वेळी भेटतीनच असं नाई. मी रोज पाहून राह्यलो त्या रोडवर काय काय होते ते."

मैनाबाईंजवळ गोदाबाईंना बसवून दामिनी वडिलांना अमरावतीला एक शुश्रूषा केंद्र दाखवायला घेऊन गेली. रंगवलेल्या भिंती, कुंड्या, स्वच्छ चादरी. व्यवस्थापकबाईंनी सगळे नम्रपणे ऐकून घेतले आणि विचारले, "पेशंट चालतात?"

"उत्तम चालतात," महादेवराव म्हणाले.

"मग नाही घेता येणार, काका. आम्ही खाटेवरचे घेतो. चालणाऱ्यांमागे एकेक माणूस लागतो, तेवढी माणसं नाहीत आमच्याकडे. काही ठिकाणी घेतात." त्यांनी आवाज खाली आणला. "बांधून ठेवतात. नाहीतर गोळी देतात. तिथं नका नेऊ."

परतताना दामिनी गाडी चालवत बस स्थानकापर्यंत आली. मग तिने गाडी बाजूला घेतली.

"मी तिला माझ्याकडे नेलं असतं, बाबा. खरंच नेलं असतं. दोन बाया ठेवल्या असत्या. पण मी कॉलेजात असताना बाईचा डोळा चुकवून ती निघाली तर? आमच्या दारातून हायवे दिसतो." तिने कपाळ स्टीअरिंगला टेकवले. "तिला चालता येत नसतं ना, तर आज ती माझ्या घरी असती."

बोलल्याबरोबर तिने वडिलांचा हात धरला. महादेवराव रागावले नव्हते. विद्यार्थ्याने बरोबर उत्तर द्यावे तसे ते तिच्याकडे पाहत होते.

त्या संध्याकाळी त्यांनी कापडी बूट माळ्यावर टाकले. अडगळीतून जुनी आरामखुर्ची काढली. कापडाची, खोल, बसले की कंबर खाली जाईल अशी. त्यात मैनाबाईंना बसवले आणि खुर्चीच्या दोन्ही हातांवर आडवा पाट ठेवला. पाटावर ताट ठेवत, पेपर ठेवत, निवडायला शेंगा ठेवत. पाहणाऱ्याला ती सोय वाटे.

पहिला महिना सर्वांत कठीण गेला. पहाटे पाचला मैनाबाईंच्या मांड्या आपोआप ताठ होत. त्या पाट ढकलत. "अजी, सोडा न. उशीर झाला. काहून धरून ठेवलं मले?" महादेवराव समोर स्टुलावर बसून दोन्ही तळहातांनी त्यांचे गुडघे खाली दाबून धरत. पंचाहत्तरीतही त्यांच्या हातांत जोर होता, आणि तो जोर पुरे पडत होता. दुपारपर्यंत मैनाबाई दमून झोपत.

प्रभात मंडळात त्यांनी सांगितले, हिचे गुडघे पुन्हा धरले.

"गुडघे?" मंडळाचे पंजाबराव म्हणाले. "मास्तर, तुमच्या घरात?"

"हो."

"पैलवानाच्या घरी खोकला झाल्यावानी झालं हे," असे म्हणून पंजाबराव हसले. बाकीचेही हसले. महादेवराव दुसऱ्या दिवसापासून बागेत गेले नाहीत.

शरीर कसे घडते हे जाणणाऱ्याला ते कसे उतरते हेही ठाऊक असते. तिसऱ्या आठवड्यात पोटऱ्या सैल पडल्या. पोळ्याच्या सुमारास मांडीचा पुढचा स्नायू ओघळला. दसऱ्याला मैनाबाई उठताना खुर्चीच्या कडा धरू लागल्या. दिवाळीत महादेवरावांचा दंड. संक्रांतीला हळदीकुंकवाला आलेल्या गोदाबाई दारातच थांबल्या आणि तोंडाला पदर लावून म्हणाल्या, "मास्तर, हे काय हो झालं?" प्रत्येक टप्पा महादेवरावांना आधीच माहीत होता. प्रत्येक टप्प्यावर थांबून उलटे फिरता येते, किती दिवसांत येते, कोणत्या व्यायामाने येते, हेही त्यांना पाठ होते. हातावर हात ठेवून बसणे हा त्यांच्या आयुष्यातला सर्वांत कष्टाचा व्यायाम होता.

डॉक्टरांनी फेब्रुवारीत मैनाबाईंना चाकांच्या खुर्चीत पाहिले आणि कागदावर लिहिले : आजार पुढे सरकला आहे. पायांचे असे का झाले, हे त्यांनी विचारले नाही. पायांना कोणी हात लावून पाहिला नाही. महादेवराव उत्तर तयार करून गेले होते. ते तसेच परत आणावे लागले.

फाटकाचे कुलूप आता काढले होते. दामिनीने अमरावतीच्या घरात खालची खोली रिकामी केली, दोन बाया ठरवल्या, वडिलांसाठीही पलंग टाकला. मार्चच्या पहिल्या रविवारी ती गाडी घेऊन यायची होती. फोनवर ती म्हणाली, "आई किती शांत झाली, नाही? मला तर वाटत होतं, आपण तिला घालवून बसू." मग सावकाश : "बाबा, आईचे पाय इतक्या लवकर कसे गेले?"

"जातात," महादेवराव म्हणाले.

तिने पुन्हा विचारले नाही. तिला समजले असावे, असे त्यांना वाटले. आणि तिने यापुढेही विचारू नये, असेही वाटले.

शनिवारी दुपारी त्यांनी सामान बांधले. उतरत्या उन्हात मैनाबाईंना ओसरीवर आणून बसवले, तिळाचे तेल कोमट केले, आणि स्टुलावर त्यांचे पाय घेऊन ते चोळू लागले. पोटरी त्यांच्या एका मुठीत मावत होती. मैनाबाई खाली वाकून बराच वेळ पाहत राहिल्या.

"हे कोनाचे हायेत?"

"तुहेच आहेत, मैना."

"नाई." त्या ठामपणे म्हणाल्या. त्यांचा आवाज कित्येक महिन्यांत इतका स्पष्ट नव्हता. "माह्ये असे नाईत. माह्ये कुठी ठेवले तुमी?"

महादेवरावांनी पुन्हा तेल घेतले. तेलाचा हात टाचेखाली गेला, दुसरा गुडघ्याखाली, आणि त्यांच्या नकळत हातांनी तो पाय दुमडला, सरळ केला, पुन्हा दुमडला. मांडीत, अगदी खोलवर, काहीतरी आवळले. स्नायू अजून उत्तर देत होता.

मैनाबाईंनी मान वर करून त्यांच्याकडे पाहिले. महादेवरावांनी पाय हळूच स्टुलावर ठेवला, तेल पुसले, आणि घोट्यापर्यंत शाल ओढून दिली.