आर्विड कुठे थांबतो

आमच्या गावात अशी बोलवा आहे की टॉर्गर्सन बाईंच्या तळघरात त्यांचा मेलेला नवरा बसतो आणि कॉलेजच्या प्रवेशपरीक्षेतल्या इंग्रजीची उत्तरं सांगतो. साफ खोटं. तळघरात काकडीच्या लोणच्याच्या बरण्या आहेत. नवरा असतो स्वयंपाकघरात, आणि तो उत्तरं सांगत नाही. वाक्य चुकलं की नुसता थांबतो.

आर्विड टॉर्गर्सन एकतीस वर्षं रोज दुपारी गावच्या रेडिओवर मक्याचे आणि डुकरांचे भाव वाचायचा. कधी अडखळला नाही. तो गेल्यावर बाईंनी शिकवणी काढली. पद्धत एकच: प्रश्नातले चारही पर्याय आर्विडच्या आवाजात वाचायचे. बाईंचा आवाज एरवी चिमणीएवढा. पर्याय वाचायला घेतले की तो जाड, संथ, पुरुषी व्हायचा. "नेब्रास्काचा मका कॅन्ससपेक्षा..." आणि तिथेच तुटायचा. बाईंचे ओठ तेवढे हलत राहायचे.

"ऐकलंस, मारिट? मका मक्याशी मोजायचा. अख्ख्या राज्याशी नाही."

माझी ही तिसरी आणि शेवटची खेप. यंदा गुण कमी पडले तर विद्यापीठ विसरायचं आणि बाबांच्या धान्यकोठारात वजनकाट्यापाशी बसायचं. नियम माझ्या डोक्यात राहत नाहीत, नकला राहतात. पाद्री, मुख्याध्यापक, पाद्र्याची बायको, सगळे येतात मला. त्याच्या रेडिओवरच्या जुन्या कॅसेटी ऐकून आर्विड आठवड्यात उचलला. बाईंसमोर चुकीचे पर्यायसुद्धा त्याच्या आवाजात धडाधड वाचले.

"बघा, तुमचे हे माझ्या तोंडून काहीही बोलतात."

"ते हे नव्हेत. ती तू." बाईंनी कॉफी ओतली. "हे शनिवारी येतील."

"परीक्षेला? ओळखपत्र लागतं तिथे."

"लाव पैज. आले तर हिवाळाभर माझ्या दारातला बर्फ तू काढायचास."

"आणि नाही आले तर?"

"तर बस वजनकाट्यापाशी."

शनिवारी सकाळी शाळेच्या जिममध्ये मी अगदी शेवटच्या रांगेत. पहिले दहा प्रश्न मनातल्या मनात आर्विडच्या आवाजात वाचले. चारही पर्याय गुळगुळीत, चारही बरोबर. अकरावा प्रश्न, दुसरा पर्याय, वाक्याच्या मध्यावर माझ्या डाव्या कानामागे कोणीतरी हलकेच खाकरलं. तोंडाशी रुमाल धरून खाकरावं तसं.

मागे वळून पाहिलं. मागे भिंत होती.

तो पर्याय सोडला. मग पहिल्या दहांकडे परत गेले. तिथेही खाकरणं आलं, दर प्रश्नाला तीनदा.

डिसेंबरात विद्यापीठात प्रवेश मिळाल्याचं पत्र आलं. ते घेऊन बाईंकडे गेले आणि ते खाकरणं जसंच्या तसं करून दाखवलं. बाईंचा कप हवेतच राहिला.

"हे कुठल्याच कॅसेटवर नाही," त्या म्हणाल्या. "मायक्रोफोन बंद करून खाकरायचे ते."

मग त्यांनी दारामागचं फावडं माझ्याकडे सरकवलं. बाहेर बर्फाची भुरभुर सुरू झाली होती.