माळावरचे घोडीवाले चाचा

नवरदेवाला घोडीवर बसवण्याआधी घोडीची परवानगी घ्यायला लावणारा माणूस मी कंधारात एकच पाहिला. बँड वाजत असायचा, वरमाई घाई करत असायची आणि घोडीवाले चाचा लगाम धरून निवांत उभे असायचे. "पैले हात दाखवा तिला. वास घिऊ द्या." नवरदेव लाजत तळहात पुढे करायचा, पांढरी नूरी त्याला नाक लावायची, मग चाचा म्हणायचे, "हां, आता बसा."

आमचा म्हशींचा गोठा आणि चाचांचा तबेला यांच्यामध्ये फक्त एक पत्रा होता. बायको गेल्यापासून चाचा एकटेच. मुलगी लातूरला दिलेली. "तब्येत कशी हाय चाचा?" असं विचारलं की ते सांगायचे, "बरी हाय. सकाळी कडबा खाल्ला." ते नूरीबद्दल बोलत आहेत हे नव्या माणसाला उशिरा कळायचं.

त्या वर्षी पाऊस उशिरापर्यंत पडत राहिला. गोठ्यामागच्या खड्ड्यात पाणी साचून राहिलं आणि मोठमोठ्या गोमाश्या आल्या. त्या चावल्या की जनावराच्या कातडीवर रक्ताचा थेंब उभा राहायचा. एका दुपारी आमची जुनी म्हैस खुंट्याभोवती गोल फिरू लागली. फिरता फिरता भिंतीशी थांबली आणि कपाळ लावून भिंत ढकलू लागली. माझ्या वडिलांनी, दादांनी, तिला मागं ओढायचा प्रयत्न केला. ती हलेना. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई येईपर्यंत ती खाली पडली होती. त्यांनी रक्त घेतलं, सुई टोचली, पण दिवस मावळायच्या आत म्हैस गेली.

रक्तात सर्रा नावाचा रोग निघाला. डॉक्टरीणबाईंनी समजावून सांगितलं, "रक्तात बारीक जंतू होतात, डोळ्यांना दिसत नाहीत. गोमाशी एका जनावराला चावते, त्यानं शेपटी मारली की उठते आणि शेजारच्यावर बसते. तोंडाला लागलेलं रक्त तिकडं जातं. शेजारी कुणाचं जनावर आहे?"

आम्ही सगळ्यांनी पत्र्याकडं पाहिलं.

नूरीला काही दिवसांपासून ताप येत-जात होता, पोटाखाली सूज होती. चाचांना वाटलं होतं, ओल्या चाऱ्यानं झालं. तिच्या रक्तातही जंतू सापडले. आमच्या दुसऱ्या, उन्हाळ्यात बाजारातून आणलेल्या म्हशीच्या रक्तात मात्र काही दिसलं नाही. ती धडधाकट होती, दूधही भरपूर देत होती. तरी डॉक्टरीणबाईंनी तिचं रक्त मोठ्या प्रयोगशाळेत पाठवलं.

दादा पत्र्यापलीकडं गेले आणि म्हणाले, "तुमच्या घोडीनं माझी म्हैस खाल्ली चाचा."

 नूरीला सुई टोचून झाल्यावर चाचांनी तिला गावाबाहेरच्या माळावर नेलं. तिथं पाणी नव्हतं, दुसरं जनावर नव्हतं, वारा मात्र भरपूर. ताडपत्री बांधून ते तिथंच राहिले. दिवसभर कडुलिंबाच्या पाल्याचा धूर करायचे. आई माझ्या हाती भाकरी पाठवायची. दादा पाहायचे, पण अडवायचे नाहीत.

मी माळावर असतानाच एकदा जीप आली. शेजारच्या गावातल्या मोठ्या घरचा माणूस होता. तुळशीच्या लग्नानंतर त्यांच्याकडं पहिलंच लग्न, वरात नूरीवरच काढायची होती.

"उभी तर हाय की घोडी," तो म्हणाला.

"उभी हाय, पण तिच्या रगतात बीमारी हाय. तुमच्या दारात बैल किती हायेत?"

"ते तुम्हाला काय करायचं? यायचं का न्हाई, तेवढं सांगा. न्हाई म्हणलं तर पुन्हा या भागात वरात मिळंल का, ते बघा."

चाचांचा धुरावरचा हात थांबला. मला वाटलं, आता ते हो म्हणतात.

"न्हाई," ते म्हणाले. जीप गेल्यावर त्यांनी मला पाणी मागितलं. 

मग प्रयोगशाळेतून निरोप आला. डॉक्टरीणबाई गोठ्यात येऊन गेल्या आणि दादा तसेच माळाकडं निघाले. मी मागं गेले. नूरी खाली पडली होती. चाचा तिच्या मानेखाली खांदा घालून तिला उठवायला बघत होते आणि ती डोळे पांढरे करत होती.

दादांनी धावत जाऊन पोत्याचा पट्टा तिच्या पोटाखालून घातला. दोघांनी दोन बाजूंनी जोर लावला. पहिल्यांदा ती पुन्हा कोसळली. दुसऱ्या वेळी पुढचे पाय रोवले गेले, मागचे लटपटले, आणि ती उभी राहिली. पट्टा तसाच धरून दादा म्हणाले, "चाचा, आमच्या नव्या म्हशीच्या रक्तातबी हाय. बाजारातून आली तवाच असंल. कुणाचं कुणाला गेलं, सांगता येत न्हाई."

"माशीला कुठं पुसता भाऊ, आधी कुणाकडं बसलीस म्हणून." चाचांना धाप लागली होती. "म्हशीला सुई दिली का?"

"दिली."

"मग पट्टा सोडू नका. अजून तोल न्हाई तिला."

म्हैस वाचली. नूरीही वाचली, पण तिच्या एका डोळ्यावर पांढरा पडदा आला आणि मागच्या पायांत पहिली ताकद उरली नाही. वरातीचं काम संपलं. पुढं चाचांनाच दम लागू लागला, तेव्हा मुलगी त्यांना लातूरला न्यायला आली. तिचं घर दुसऱ्या मजल्यावर. निघताना चाचांनी नूरीचं दावं दादांच्या हातात दिलं.  बस वळेपर्यंत चाचा खिडकीतून आमच्याकडं नव्हे, तिच्याकडं बघत होते.

मधला पत्रा दादांनी काढून टाकला. आता रक्त तपासल्याशिवाय ते कुठलंच जनावर गोठ्यात घेत नाहीत, आणि कुणी हसलं तर त्याला चाचांचं नाव सांगतात.

गेल्या वर्षी एका सकाळी लातूरहून चाचांच्या मुलीचा फोन आला. दादांनी ऐकून घेतलं, फोन माझ्याकडं दिला आणि चप्पल न घालताच बाहेर गेले. बऱ्याच वेळानं आई म्हणाली, बघ गं कुठं गेले. ते नूरीच्या मानेवर हात ठेवून उभे होते.

"काय करून राहिले दादा?"

"सांगून राहिलो तिला," ते म्हणाले. "दुसऱ्या कुणाकडून कळायला नको."