मेडिकलमधला पडदा

चहा निवला तरी चालेल, पण आधी माझी फजिती ऐका. दुसऱ्यांची लाज घालवायला निघालेल्या माणसाची भर बाजारात कशी लाज निघते, ते मी करून दाखवलंय!

कुंभार पिंपळगावात माझं मेडिकल आहे. तुम्ही म्हणाल, औषधाच्या दुकानात कसली लाज? अहो, एकदा गल्ल्यावर बसून बघा. बाई येते, तोंड उघडते, तेवढ्यात मागून कुणीतरी बाप्या खोकतो आणि बाई नुसती बामची डबी घेऊन घरी जाते. आमच्या गावात निम्मा बाम डोकं न दुखताच खपतो!

एका संध्याकाळी तसंच झालं. कडेवर तान्हं लेकरू घेतलेली एक बाई आली आणि हळूच म्हणाली, "भाऊ, ती गोळी... दिवस राहू नये म्हणून नंतर घेत्यात ती. चिठ्ठी लागती का?"

"बिलकुल न्हाई!" मी गोळी काढायला वळलो. तेवढ्यात दोन गडी दुकानात शिरले.

"बाम द्या," बाई म्हणाली. घेतला आणि गेली.

जिवाला लागलं हो! ती गोळी जितकी लवकर घ्यावी तितकी कामाची. उशीर झाला तर त्या माउलीचं पहिलं लेकरू अंगावर पीत असतानाच दुसऱ्याची तयारी!

मी काही गप्प बसणारा माणूस नाही. दुसऱ्या दिवशी बाजार होता, ती येणार हे नक्की. सकाळीच बायकोची जुनी साडी दुकानाच्या कोपऱ्यात आडवी बांधली, आत स्टूल ठेवलं, बाहेर पाटी लावली: 'महिलांनी निःसंकोच आत यावे.'

सविता, म्हणजे आमची बायको, म्हणाली, "अहो, गोळी नुसती समोर ठेवा की."

मी हसलो. मोठ्या योजना बायकांना कुठं कळतात?

पण आमच्या भागात पडदा लागला की लोक एकच समजतात. शिबिर आलं! समोरच्या हॉटेलातले तात्या सरळ आत जाऊन स्टुलावर बसले आणि बाही वर केली.

"तात्या, काय करून राह्यले?"

"बीपी बघ. फुकट हाय ना?"

"न्हाई हो, हे बायांसाठी हाय."

"मंग काकूला धाडतो!"

काकू आल्या, मागून त्यांच्या शेजारणी आल्या. बघता बघता रांग रस्त्यावर गेली. एकाला मोतीबिंदू दाखवायचा होता. एक म्हातारी विचारत होती, "डॉक्टर कवा येनार?" एकजण तर आधार कार्डाची झेरॉक्स घेऊन उभा!

आणि रांगेच्या पार टोकाला ती दिसली. तीच, लेकरू कडेवर. गर्दी बघून मागं फिरत होती. आता मी काय करावं? शहाण्या माणसानं जे कधीच करू नये, ते! स्टूल ओढलं, त्यावर चढलो आणि ओरडलो, "ओ ताई! जाऊ नका! तुमची कालची गोळी काढून ठेवलीय! चिठ्ठी लागत न्हाई!"

सगळ्या माना तिच्याकडं वळल्या.

"कसली गोळी गं?" काकूंनी विचारलं.

बाईनं पदर तोंडावर ओढला आणि ती गर्दीत दिसेनाशी झाली. मला तर स्टुलावरून उतरायचंही सुधरेना.

सविता तेवढी शांत. तिनं गोळीचं पाकीट उचललं आणि "ओ ताई, डोकेदुखीची गोळी राह्यली की तुमची!" असं म्हणत भाजीवाल्यांमध्ये शिरली. काकूंची उत्सुकता तिथंच संपली.

बऱ्याच वेळानं सविता मोकळ्या हातानं परत आली.

"घेतली का?" मी विचारलं.

"माझ्यासमोर. रसवंतीवर पाणी मागून."

माझा जीव भांड्यात पडला. पडदा तिथल्या तिथं काढला. गोळ्यांचा खोका समोर काउंटरवर ठेवला, वर ठळक किंमत लिहिली. बोट दाखवा, घ्या, चला. कुणी काही विचारणार नाही!

"आता एकसुद्धा अडथळा न्हाई राह्यला!" मी छाती फुगवून म्हणालो.

"एक हाय अजून," सविता म्हणाली. "उद्यापासून दुपारचं घरी जेवायला जात जा, गल्ल्यावर मी बसते. अन् जल्दी येऊ नका."

गेलो. जेवलो, झोपलो, चार वाजता येऊन बघतो तर खोका अर्धा झालेला! आता रोज दुपारी घरी जाऊन पडतो. खरं सांगतो, गावाची एवढी सेवा मी जागेपणी कधी केली नव्हती!